हळू बोल

उद्यमनगरात, गिअर कापायच्या दुकानामागं
आमचं पाळणाघर : दोन खोल्या, एक पिंप,
अठरा पोरं, मी आणि हौसाक्का.

इंद्रजीत जूनमध्ये आला. साडेतीन वर्षांचा.
दारातनंच ओरडला, "पाणी!"
मला वाटलं, फार तहान लागली असेल.
मग ओरडला, "चिमणी!"
मग, "माझी चप्पल!"
मग, भिंतीकडं तोंड करून, कुणालाच नाही, "भात!"
पाळण्यातली मुजावरांची नात
दर शब्दाला दचकायची.

मी म्हणायची, हळू बोल.
दिवसातनं वीसदा, तीसदा.
एकदा, खरं तेच सांगते, मीच ओरडले,
"अरे, हळू बोल!"
तो खुदकन हसला.
पहिल्यांदाच मी त्याच्या बोलीत बोलले होते.

प्रशिक्षणात दिलेल्या तक्त्यात चौकटी होत्या.
हालचाल. मिसळणं. भाषा.
भाषेपुढं पेन टेकवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला,
पुढं काही लिहिलं नाही.
सीपीआरला कान तपासून झाले होते,
कान टकाटक.
हौसाक्का म्हणाली, "मग घरचं बघ की जरा."

एका संध्याकाळी त्याची आई आली नाही.
सात वाजले. मीच निघाले त्याला घेऊन.
पत्र्याच्या आडोशाला घर, आडोशापलीकडं लेथ,
आणि लेथ चालू.
लोखंडाचा कीस कुरळा होऊन पडत होता.
माझ्या दातांत तो आवाज शिरला.

बाप मशीनवरनं न हलता
दोन बोटं वर करत होता.
आईनं दोन कप चहा ओतला.
थोरलीनं मनगटावर टिचकी मारली,
आजोबांनी मान हलवून गोळी घेतली.
इंद्रजीतनं पोटावर थाप मारली
आणि त्याच्या हातात भाकरी आली, गरम.
एवढं सगळं बोलणं चाललं होतं त्या घरात,
आणि मी एकटीच बहिरी.

मी दारात उभी राहून ओरडले,
"ताई, आज चांगला जेवलाय हा!"
कुणाला काही कळलं नाही.
तेव्हा त्यानं माझ्या पदराला धरलं,
ओढत आईसमोर नेलं,
कमरेला ढकलून मला नीट वळवलं,
दिव्याकडं तोंड येईल अशी,
आणि वर बघून मान हलवली :
हं. आता सांग.

परत येताना शाहू मिलच्या भिंतीलगत
मला एकेक आठवत गेलं.
रोज साडेपाचला फाटकात उभी राहून
मी त्या बाईला ऐकवायची, चारचौघीत,
लई ओरडतोय, समजावा जरा घरी.
ती प्रत्येक वाक्याला हो म्हणायची.
माझ्या पाठीमागं मावळतीचं ऊन,
माझं तोंड तिला काळं दिसत असणार,
ओठ तर दिसलेच नसतील.
बारा वर्षं पोरं सांभाळतेय मी.

आता लांबनं हाक मारत नाही.
उठते, जाते, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसते,
त्याची नजर माझ्यावर येईपर्यंत थांबते.
कधी पटकन येते.
कधी मुंगी असते, मग मुंगी जाईपर्यंत.
फाटकातही आता मी ऊन तोंडावर घेते.

नेहमी जमतंच असं नाही.
परवा वरण सांडलं, तेव्हा मी खोलीभर ओरडले
आणि अठरांपैकी सतराजणं गप्प झाली.
तो एकटाच माझ्या ओठांकडं बघत राहिला,
आणखी काय सांगतेय म्हणून.

श्रावणातल्या एका मंगळवारी
मी अशीच त्याच्यापुढं बसले.
तो जवळ आला, आणखी जवळ,
माझ्या कानाला त्याचे ओठ लागले,
भाताचा वास आला,
आणि इतक्या हळू बोलला
की मलाच श्वास धरावा लागला :
"मावशी, तुझा गुडघा वाजतोय.
ऑइल घालू काय?"

हौसाक्का दारात बसून हसली, हसली,
चुलीवरचा भात बघायचा राहून गेला.
त्या दिवशी सगळ्यांनी लागलेलाच भात खाल्ला.
चौकट अजून कोरी आहे.