जागा आहे का?

येर्नेयच्या हातात नारिंगी काठी
आणि समोर कुरण, कालच कापलेलं.
गवताचा वास अजून ताजा आहे,
दुपारपर्यंत तो डिझेलखाली दबेल.
इकडे, इकडे, थोडं मागे, बस्स.

अठ्ठावीस वर्षं त्याने सोचा नदीच्या या खोऱ्यात बस चालवली,
वाहन किती भरलंय
ते त्याला टायरवरून कळतं.
ही एकट्याची. ही पण एकट्याची.
हिच्यात दोघं, मागच्या सीटवर गिटारच्या आकाराची उशी.
ह्या भल्यामोठ्या गाडीत एक माणूस, एक तंबू, एक कुत्रा.
कुत्रा मोजायचा का?

बस बंद केली तेव्हा पत्र आलं होतं:
रोजचे प्रवासी सात.
सात जणांसाठी इंजिन तापवणं परवडत नाही,
ना पैशाला ना हवेला.
हवेला. असाच शब्द होता.
ते पत्र त्याच्या फ्रीजवर आहे अजून,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

स्टेजवर मात्र सगळं नीटनेटकं.
दिवे उन्हावर चालतात,
पेले धुऊन पुन्हा वापरायचे,
गायकाने म्हणे या खेपेला
दोन ट्रक सामान घरीच ठेवलं.
कौतुक आहेच त्याचं.
पण धूर गाण्यातून निघत नाही,
धूर गाण्याकडे येतो.
लीड्सहून, ब्रेमेनहून, पालेर्मोहून,
दीड तासासाठी दोन विमानं
आणि विमानतळावरून भाड्याची गाडी,
तीन जागा रिकाम्या.

बोल तरी कुणाला लावणार?
एकोणिसाव्या वर्षी तोही गेला होता झाग्रेबला
कोबीच्या ट्रकमध्ये मागे बसून,
ज्या बँडसाठी गेला त्याचं नावही आता आठवत नाही.
आठवतं ते एवढंच, की बेस वाजला
तेव्हा छातीत कुणीतरी दार उघडलं,
आणि परतल्यावर आईला त्याच्या केसांत
कोबीचं पान सापडलं.
कोबी तसाही जाणारच होता.
हे त्याच्या आज लक्षात येतंय.

रात्री साडेअकराला
सायकल ढकलत एक मुलगी आली.
एनिको. हंगेरीतली. गावाचं नाव पेच,
आणि वाटही तशीच:
तीन आगगाड्या, त्यातली एक चुकलेली,
मग बोगद्यापासून बेचाळीस किलोमीटर पायडल.
संपलं का?
येर्नेयने कान दिला.
संपत आलंय, म्हणाला, पळ.
ती पळाली नाही.
सायकल कुंपणाला टेकवून तिथेच उभी राहिली,
कारण गाणं नदीवरून येत होतं
आणि पाठोपाठ समोरच्या कड्यावरून, जरा उशिराने.
मला दोनदा ऐकू येतंय, ती म्हणाली,
आतल्यांना एकदाच.
हसली.
मग बाहीने नाक पुसलं.

सकाळी गाड्या निघाल्या.
कुरणावर चाकांचे पिवळे पट्टे.
पुढच्या कापणीपर्यंत गवत उठेल,
फाटकाजवळचं नाही उठणार.
एनिकोची आगगाडी दुपारची,
गुडघा सुजलेला.

येर्नेय फाटकात आडवा उभा राहिला,
काठी छातीशी धरून.
काच खाली आली. आत झोपाळलेला एक तरुण,
मागचे पट्टे जसेच्या तसे.
जागा आहे का?
अठ्ठावीस वर्षं लोक त्याला हेच विचारत आले,
स्वतःच्या तोंडात ते शब्द
दुसऱ्याच्या टोपीसारखे वाटले.

सहा गाड्या नाही म्हणाल्या.
एकाला घाई होती, एकीला सामान,
एकाने नुसते खांदे उडवले.
सातवीने मागचं दार उघडलं.

सायकल काही पूर्ण मावेना.
पुढचं चाक बाहेरच राहिलं,
आणि पूल ओलांडेपर्यंत
वाऱ्याने फिरत राहिलं.