दोन वाजून सात मिनिटं

ओउलूत फेब्रुवारी. उणे चोवीस.
खाडीवरचा बर्फ इतका घट्ट
की मोटारी थेट बेटापर्यंत जातात.
आत मात्र बारा महिने एकवीस अंश.
हवा छतातून उतरते, जमिनीच्या जाळीतून निघून जाते,
आणि मी, तौनो, एकोणतीस वर्षं
या हवेचा चाकर.

यंत्रांची नावं आम्ही ठेवली नाहीत,
निधीच्या सालांनी ठेवली.
'अठ्ठ्याण्णव' कोरतं, 'दोन हजार सहा' थर चढवतं,
'चौदा' बहुतेक रुसलेलंच.
प्रत्येकाच्या कुशीला एक पितळी पट्टी:
राज्याच्या पैशातून.
'अठ्ठ्याण्णव'ची इतकी पुसली गेली
की आता फक्त बोटांनी वाचता येते,
तीही हातमोज्यातल्या.

मंत्रालयातून गुन्वोर आल्या.
पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी, दोन-दोन हातमोजे;
उरले फक्त डोळे, तेही चष्म्यामागे.
ओनर्वानं त्यांना आपली चार वर्षं दाखवली:
नखावर मावेल असा करडा तुकडा.
"यात काय बघायचं?"
"बघता येत नाही," ओनर्वा म्हणाली,
"तुमच्या एका केसाच्या रुंदीत
अशा अडीच हजार तारा शेजारीशेजारी झोपतात."
गुन्वोर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.
मग विचारलं, अगदी साधेपणानं,
"आणि वीजबिल?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.
केमीच्या सहकारी दुकानात गल्ल्यावर बसलेली माझी आई,
कुणी नवीन वस्तू विकायला आला
की ती उलटीपालटी करून विचारायची,
याला तेल किती लागतं?
मी आकडा सांगितला.
धूळ न सोडणाऱ्या निळ्या कागदावर
गुन्वोरनी तो लिहिला, मग पुन्हा विचारून
एक शून्य वाढवलं.

आणि तेवढ्यात त्यांना शिंक आली.

मुखपट्टी होती, तरी कणमापक किंचाळला.
तांबडा दिवा.
ओनर्वाचा हात तुकड्यावर, झाकणासारखा.
चार मिनिटं कुणी बोललं नाही;
पंख्यांनी खाली मान घालून
एकेक कण वेचून बाहेर नेला.
"माफ करा," त्या म्हणाल्या,
चर्चमध्ये खोकला आल्यासारख्या.

एप्रिलात निकाल लागला.
मागितली होती सहा वर्षं, मिळाली दोन.
गाळण्या बदलता येतील,
माणसं ठेवता येणार नाहीत.
खाली सही दुसऱ्याच कुणाची.
कॉफीच्या टेबलावर सगळे एकमेकांना विचारत होते,
नेमकी कुठं माशी शिंकली?
मी कप विसळत राहिलो.
माशी!
आमच्या खोलीत माशी म्हणजे
वाट चुकून स्वयंपाकघरात शिरलेला रेनडियर.

ओनर्वा जूनमध्ये ग्रोनिंगनला गेली.
तुकडा नेता आला नाही, नियमानं तो राज्याचा.
नायट्रोजनच्या कपाटात आहे,
डबीवर तिच्या घाईच्या अक्षरात: उघडू नका.
राज्यानंही अजून उघडलेली नाही.

आता रात्रपाळीलाही मीच.
पंखे बंद करता येत नाहीत.
एकदा थांबले तर पुन्हा स्वच्छ व्हायला
या खोलीला महिने लागतात;
हे मी अर्जात तीनदा लिहिलं होतं,
प्रत्येक वेळी वेगळ्या पानावर.

काल जुन्या नोंदी चाळताना ती दुपार हाती लागली.
सपाट रेघ, सपाट रेघ,
आणि दोन वाजून सात मिनिटांनी एक सुळका.
शेजारी कारण लिहायची चौकट असते.
तेव्हा मी ती कोरी सोडली होती.
पेन घेतलं. 'पाहुण्या' लिहिलं.
खोडलं.
मग जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरात:
'गुन्वोर. जवळून बघत होत्या.'