लाईट गेल्यावर

सोमवारी सकाळी नऊला पुण्यात मुलाखत.
आज शुक्रवार. वडगावात, आमच्या पुढच्या खोलीत
चार पॉवरलूम चालू
आणि त्यांच्या खटखटीवर आवाज चढवून
मी भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगतेय,
"सर, मला डॉक्टर व्हायचंय, कारण..."

कारण पुढं सरकत नाही.
तेवढ्यात तिसऱ्या मागावर ताणा तुटतो.
बाबा माग थांबवतात, गाठ मारतात,
परत चालू करतात.

तात्या होनगेकर, रिटायर कंडक्टर,
रोज संध्याकाळी माझे परीक्षक.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
"नाव? कुठून बसलात? सुट्टे हायत काय?"
स्वतःच हसतात, मग एकदम गंभीर,
"पेशंट हातात मेला तर काय करशील, सांग की."
तात्या, असं विचारत नसतात.
"मग काय विचारतात?"
ते मलाही कुठं माहीत आहे.

शिवलीला मिसनी दहा उत्तरं लिहून दिलीत
इंग्रजीत, हिरव्या शाईनं.
सेवा आहे, समर्पण आहे, ग्रामीण भाग दोनदा आहे.
सगळे शब्द कडक इस्त्रीचे
आणि खांद्यात मला सैल.

रात्री बाबांच्या घड्याळावर नाडी मोजते.
एकशे आठ.
पाणी पिऊन एकशे चार.
यल्लम्माचं नाव घेऊन एकशे सहा.

आई म्हणते, "भ्यालीस काय गं?"
नाही.
"मग हात कशाला एवढा गार?"
आता ती काहीतरी शहाणपणाचं सांगेल म्हणून मी थांबते.
ती माझ्या तळव्यावर रिकामी कांडी ठेवते.
"सहा भर. मग झोप."

चौथी कांडी अर्धी झाली
आणि लाईट गेली.

आमचे चार माग थांबले, शेजारचे सहा,
मग गल्लीच्या टोकापर्यंत एकेक करत सगळे,
आणि माझं "कारण" अंधारात
केवढं तरी मोठ्यानं एकटंच ऐकू आलं.

नऊ वर्षांची होते. कान फुटला होता.
सरकारी दवाखान्यात माझ्यापुढं निंगव्वा अज्जी,
पोटावर हात, "इल्ली नोयस्तैती."
डॉक्टर नवे, कोल्हापूरकडचे. माझ्याकडं बघितलं त्यांनी.
इथं दुखतंय म्हणते, मी म्हटलं.
कधीपासून, विचार.
"यावागिंद, अज्जी?"
"मग होदागिंद."
डॉक्टर म्हणाले, मग? मग काय?
मग म्हणजे मुलगा, सर. मुलगा गेल्यापासून.

गेला म्हणजे गावाला गेला
की गेला,
कन्नडातही कळत नव्हतं, मराठीतही नाही.
मी जसंच्या तसं इकडून तिकडं दिलं.
त्यांनी पोटाच्या गोळ्या लिहिल्या.
जाताना अज्जीनं माझ्या दुखऱ्या कानावरून हात फिरवला.

मी विचारायला पाहिजे होतं.
डॉक्टरांनी नाही, मी.
तेवढा एक प्रश्न नऊ वर्षं
दाताच्या फटीत अडकल्यासारखा.

अंधारात तात्यांची खुर्ची करकरली.
आपण हे मोठ्यानं बोललो
हे मला तेव्हा कळलं.
"हेच सांग की तिथं," ते म्हणाले.
इंग्रजीत जमायचं नाही, तात्या.
"मग अडखळ. अडखळत सांग.
आमची शेवटची गाडी पण
खानापूरच्या घाटात अडखळतच जायची.
पोचायची."

लाईट आली.
माग जिथं थांबले होते त्याच धाग्यापासून सुरू.
मी आता हळू बोलून बघितलं, पहिल्यापासून,
कानाला माझ्याच ऐकू येईना.
पलीकडून बाबा माझ्याकडं बघत होते.
वीस वर्षं मागावर राहून त्यांचे कान गेलेत,
ओठ मात्र लांबून वाचतात.
त्यांनी मान हलवली.
का तुटलेला धागा बघत होते, सांगता येत नाही.

अजून दीड कांडी राहिली होती.
ती भरली.
नाडी मोजायची राहूनच गेली.