पंख्याशिवाय

देवगड जेटीवर, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात
दुपारी तीननंतर कॉम्प्युटर पेंगतो.
"जेवान जास्त जाता काय ह्येका?" कोयंडे विचारतात
आणि मी झाकणाचे चार स्क्रू काढायला बसते.
दोन गंजलेत. तिसरा हातातच तुटतो.

आत चार कॅमेऱ्यांची जेटी रात्रंदिवस लिहिली जाते:
कुठली होडी कधी लागली, किती टोपल्या उतरल्या,
कुठल्या कुत्र्याने कोणाची सुरमई पळवली.
हे सगळं लिहिणारी पट्टी
अर्ध्या सुक्या बोंबलाएवढी.
फिरत नाही, कुरकुरत नाही,
नुसती तापते. चौऱ्याऐंशीला पोचली की
जीव वाचवायला हळू होते.
आपण त्याला पेंगणं म्हणतो.

"पंखो लाव एक."

मागच्या वर्षीचा पंखा मी टेबलावर ठेवते.
मिठाने पाती पांढरी, बेअरिंग गच्च,
आत शिरून वाळलेला एक मुंगळा.
हयसर फिरणारा काय टिकना नाय, कोयंडेकाका.
वाऱ्याला ते आधी आवडतं, मग तो ते खातो.

मी आणलेला हीटसिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा तुकडा,
पाठीवर अकरा उभी पाती.
बांगड्याचा कल्ला उचलून बघा, आत असते तशी दाटी:
थोडक्या जागेत पुष्कळ अंग.
खाली मऊ पॅड. वीज नको, वायर नको.
काम एकच, लागून राहणं.

बसवला. बोट ठेवून पाहिलं.
गार. विहिरीकाठच्या चिऱ्यासारखा गार.
हात लावा, म्हटलं. कोयंड्यांनी लावला, मान डोलावली.
साडेतीनशे रुपये घेऊन घरी आले
आणि भावाला सांगितलं, धंदा जमतोय.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता फोन.
स्क्रीनवर चौऱ्याऐंशी.
हीटसिंक अजून गार.
पट्टी भाजत होती,
आणि तिला टेकून बसलेल्या या शहाण्याला
पत्ताच नव्हता.

उचलला. पॅडवरची निळी फिल्म तशीच,
एका कडेने सुटून आत हवा धरून बसलेली.
सोलायची राहिली होती. माझ्याकडून.

समोर नजमा सोलकर डिझेलच्या पावत्या लावत होती.
तेवढ्यात एक तांडेल आत घुसला. बर्फ उशिरा,
म्हावरं मऊ पडलं, सोसायटी बुडवा,
तुम्हा सगळ्यांनाच नेऊन बुडवा.
नजमाने पावत्यांवर पेपरवेट ठेवला
आणि त्याच्याकडे पूर्ण वळून बसली.
उत्तर दिलं नाही. समजूतही घातली नाही.
दहा मिनिटांत त्याचा आवाज खाली आला,
आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या
मला दिसल्या.
मग ती उठली, मागच्या दारात गेली,
खाडीकडे तोंड करून, ओढणी मानेवरून सैल करून
उभी राहिली बराच वेळ.

उष्णता मरत नाही, हात बदलते.
बर्फाच्या कारखान्यामागे
गरम वारा फेकणारी जाळी आहे,
तिथे मांजरं झोपतात.

फिल्म सोलली. दाबून बसवला. वीस मिनिटं थांबले.
एकसष्ट.
कोयंड्यांनी बोट लावलं आणि झटक्यात काढलं.
"अगो, ह्यो तर तापलो!"
तापलो म्हणजे लागलो, मी म्हटलं.
"आनि आवाज कसो काय येना नाय?"
येणार नाही.

पैसे घेतले नाहीत. निळी फिल्म
अंगठ्याला चिकटली होती ती निघता निघेना.
नजमाने चहा सांगितला,
आणि आत येताना
मागचं दार उघडंच ठेवलं.