शिक्का

दारात उभं राहायचं, बिल घ्यायचं,
ट्रॉलीवर एक नजर, मग शिक्का.
जांभळी तारीख उमटते.
दिवसाला नऊशे बिलं, सणाला दीड हजार.
काही निसटलं तर माझ्या पगारातून.
खुर्ची नाही. खुर्ची दिली की माणूस बसतो,
मॅनेजर म्हणाला. हसला नाही.

इंदूरच्या बायपासला, सातशे गाड्यांच्या पार्किंगपलीकडे,
भिंतीवर माणसाएवढी अक्षरं: बचतसागर, रोज स्वस्त.
छापील किंमत आधी गुपचूप वर चढते,
मग तिच्यावर लाल फुली पडते.
फुली पाहिली की गिऱ्हाइकाला बरं वाटतं.
मलाही वाटायचं.

रामबागेत मोघे किराणा, नऊ बाय अकरा,
ते माझं होतं.
माल सियागंजातून, नन्नूच्या हातगाडीवर.
एका दिवाळीत कळलं,
सियागंजच्या ठोक भावापेक्षा
इथला किरकोळ भाव साडेचार रुपयांनी खाली.
तेव्हा मी काय केलं, सांगतो.
मी इथूनच माल नेला.
साखर, तूरडाळ. एका बिलाला पाच किलो, अशी पाटी होती,
म्हणून मी एका रांगेत, मृदुला दुसऱ्या,
आणि सारंग, बारावीतला, तिसऱ्या.
ओळख दाखवायची नाही, असं ठरलेलं.
सारंगने घरी येईपर्यंत मान वर केली नाही.
रात्री शटर ओढून पाकिटं फोडली,
पोत्यात ओतली,
आणि सकाळी ‘आपल्याकडचा माल’ म्हणून विकली.
दीड वर्ष.

मग तेही जमेना.
इथे मुलाखतीत विचारलं, चोरी कशी ओळखाल?
म्हटलं, दुकानदार होतो.
लगेच घेतलं.

मंगळवारी मागच्या दारी
परदेशीपुऱ्याच्या पापडवाल्या येतात.
शंभर पाकिटं दिली की एक्क्याण्णवांचे पैसे.
तीन फुटली, दोन मांडणीचं भाडं, उरलेली चार कशाची
ते बारीक अक्षरांत.
इमरतबाई म्हणाली, “मोघेजी, जरा पढ़ दो.”
चष्मा लावून दोनदा वाचलं.
समजलं नाही.
म्हणजे समजलं, पण तिला सांगता येईल असं नाही.

एकदा वजनमापवाले आले.
किलोच्या पाकिटात नऊशे बासष्ट ग्रॅम.
पाच पोती सील झाली, दुपारभर फोन वाजले.
दुसऱ्या दिवशी पेपरचं पहिलं पान अख्खं आमचं:
तेल, रवा, बदाम, बादलीवर मग फुकट.
बातमी मी आतल्या पानांत शोधली,
श्रद्धांजलीपर्यंत.

रात्री दहाला दुसरं दार. तिथे माझी झडती.
डबा उघडा, खिसे बाहेर, बूट काढा.
भंवरकुआचा पोरगा, सारंगच्या वयाचा,
“सॉरी अंकल” म्हणतो आणि काखेखालून हात फिरवतो.
पोह्यांचा डबा रिकामा असला
तरी वास घेतो.

परवा खांडवेकरबाई आल्या, ट्रॉली काठोकाठ.
माझ्या वहीत त्यांचे तेराशे चाळीस बाकी.
वही अजून आहे, मृदुला रद्दीत देऊ देत नाही.
त्यांनाही आठवत असणार,
कारण माझ्याकडे न बघता, डाळीच्या पिशवीकडे बघत म्हणाल्या,
“तुमच्याकडली डाळ काय पटकन शिजायची हो, मोघे!
इथली तशी नाही.”
मी सांगितलं नाही, की ती डाळ
याच मांडणीवरची होती,
मृदुलाच्या बिलावरची.

बिल घेतलं. सत्तावीस वस्तू.
मोजल्या, अठ्ठावीस निघाल्या.
वेलचीची पुडी, पर्सच्या पट्ट्याखाली अर्धी.
बाई छताकडे बघत होत्या,
तिथे कॅमेरा आहे.
मागे रांग, कुणाचं तरी मूल रडत होतं.

शिक्का मारला.
नीट उमटला नाही.
शाई संपत आलीय, उद्या सांगायला हवं.