शेरा

कुहीच्या ऑफिसात कूलरची टाकी आटते
तेव्हा बारा वाजलेले असतात.
लांजेवार साहेब तक्ता सरकवतात माझ्याकडे:
गाव वडेगाव, उद्दिष्ट बाराशे,
प्रजाती, गट नंबर, खड्डे, जिवंत टक्केवारी.
‘निखाडे मॅडम, शुक्रवारपर्यंत.’

गेल्या वर्षीही बाराशेच होती.
परवा मी ती मोजून आले,
गाडी गोठणावर लावून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
एकशे सदतीस.
त्यातली नऊ पायाखाली आली असती
इतकी लहान.
तरी लिहून घेतली.

गोठणावर शालिक नेवारे बसला होता,
सत्तर बकऱ्या आणि एक रेडिओ.
मी नकाशा उलगडला. त्यानं तो फिरवून धरला,
मग परत फिरवला.
‘मॅडम, जेथं तुमी झाडं लावली न,
तो आमचा रस्ता होय.
बकरीले काय समजते, रोप सरकारी हाय का कोनाचं?’
हसला. रागानं नाही.
नकाशात तो रस्ता नव्हता.
नकाशात होती पडीक जमीन, गट एकशे बारा,
फिकट पिवळी.

सभा दिवस मावळल्यावर, समाजमंदिरात.
मी म्हटलं, साग.
यशोधरा गजभिये म्हणाली, ‘सागाचं खाता काय येते, मॅडम?
अन् तोडाची परवानगी कोन आनन, तुमी?’
तिला मुनगा हवा होता, बेहडा हवा होता,
आणि सीताफळ, शाळेच्या कुंपणाला,
पोरं चोरतील म्हणूनच.
हे ‘म्हणूनच’ मी दोनदा विचारून घेतलं.

कवडू तितरमारे धुऱ्यावर कडुनिंब लावायला तयार झाला.
तसा शेजारचा मोरेश्वर उभा राहिला:
‘झाड याचं, अन् सावली माह्या पऱ्हाटीवर?’
सभा हसली. मोरेश्वर हसला नाही.
सावलीला गट नंबर नसतो.
दोन वर्षांची पदविका, अकरा वर्षांची नोकरी,
आणि हे मला त्या रात्री
सतरंजीवर बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं धुऱ्यावर.
कवडूनं वीस फुटी वेळू रोवला, झाडाच्या जागी.
मोरेश्वर सावलीच्या टोकाला खडा ठेवत गेला:
सात वाजता, नऊ वाजता.
बाराला सावली वेळूच्या पायाशी येऊन बसली,
खडा ठेवायलाही जागा नाही.
‘पाहा,’ कवडू म्हणाला, ‘हाय का कुठं सावली?’
मोरेश्वरनं बाटलीतलं पाणी प्यायलं, सावकाश.
‘कापूस कार्तिकात फुटते, मॅडम.
तवा ते माह्याकडं लंबी होते.
तुमी वैशाखात मोजून राहिल्या.’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.
आमचे सगळे आराखडे वैशाखातच होतात,
कारण निधी मार्चनंतर येतो.

शेवटी तोडगा कवडूच्या बायकोनं काढला,
डब्बा घेऊन आली होती, उभ्या उभ्या:
दरसाल छाटणी, निम्मा पाला मोरेश्वरच्या ढोरांना,
आणि झाड धुऱ्याच्या शेवटी, नाल्याकडं,
मधात नाही.
मोरेश्वर हो म्हणाला नाही.
नाहीही म्हणाला नाही.

तक्त्यात मी भरलं: तीनशे चाळीस.
शेऱ्याचा रकाना दीड इंचाचा असतो.
त्यात बारीक अक्षरात:
बकऱ्यांचा रस्ता सोडून. पाला निम्मा शेजाऱ्याचा.
सावली कार्तिकात पुन्हा मोजणे.

साहेबांनी तीनशे चाळीस खोडून बाराशे केले.
‘जिल्ह्याला हाच आकडा जातो, मॅडम. रागावू नका.’
शेरा खोडला नाही.
वाचला नसावा.

आठशे साठ रोपं जास्तीची येतील,
ट्रॅक्टरवर लादून, काळ्या पिशव्यांत.
ती कुठं उतरवायची हे
मी शालिकला विचारणार आहे.
आणि कार्तिकात एक रविवार राखून ठेवलाय.
वेळू कवडूच्या गोठ्यात आहे.
खडे मोरेश्वरनं उचलले नाहीत म्हणे,
वखर त्यांना वळसा घालून नेला.