सायीतला निरोप

रात्रपाळीला पिशव्या येतात, चारशे, कधी पाचशे,
कुओपिओहून, ओउलूहून, बर्फातून धावणाऱ्या थंड डब्यांतून.
नावं नसतात त्यांच्यावर, आकडे असतात.
मी त्या यंत्रात फिरवते आणि रक्ताचे थर सुटतात:
खाली तांबडं, वर पिवळसर पाणी,
मध्ये साय.
दुधावर धरते तशीच, नखभर जाड.
पूर्वी ती मोरीत जायची.
आता मला तिच्यासाठीच पगार मिळतो.

पांढऱ्या पेशी या. चंबूत सोडते,
सदतीस अंशांवर ऊब देते, बाळंतिणीला द्यावी तशी,
आणि मग
(हे आईला मी अजून सांगितलेलं नाही)
त्यांच्यावर विषाणू घालते.
स्वतःच्या हाताने, मोजून.
झाकण लावते. कॉफी पिते.

आत काय होतं ते हेल्वी डॉक्टरांनी
कँटीनमधल्या कागदी रुमालावर काढून दाखवलं होतं.
पेशीला कळतं, घरात कोणी परका
आपल्याच शाईने आपल्याच वहीत लिहितोय.
स्वतःला वाचवायला बहुधा उशीर झालेला असतो.
तेवढ्या वेळात ती निरोप धाडते,
भिंतीपलीकडे, ज्याला ऐकू जाईल त्याला.

विषाणूला तो निरोप शिवतसुद्धा नाही.
शेजारीण तो दाराच्या कडीवर झेलते
आणि आपली चूल विझवते.
मळलेलं पीठ तसंच ठेवते,
परक्या हस्ताक्षरातली चिठ्ठी दिसली की फाडते,
आणि घरातलं थोडंथोडं खिडकीत मांडून ठेवते:
बघा, आत काय शिजतंय, येता-जाता बघा.
मारक पेशी, एरवी पेंगत गस्त घालणाऱ्या,
निरोपाने ताठ होतात.
आणि एक फांद्याफांद्यांची पेशी
पुराव्याचा तुकडा पदराला बांधून
निघते लसिकागाठीकडे,
जिथे टी-पेशी बसून असतात, जन्मात कुणाला न भेटलेल्या.
"पुढचं मला नीट माहीत नाही," हेल्वी म्हणाल्या,
आणि त्याच रुमालाने त्यांनी ओठ पुसले.

मागच्या महिन्यात मला फ्लू झाला.
पिंढऱ्यांपासून डोळ्यांच्या खोबणीपर्यंत ठणका.
"हाडं दुखतायत ती निरोपाने, तुइरे," फोनवर हसल्या,
"गाव जागं आहे म्हणायचं."
मला हसू आलं नाही.
तळमजल्यावरच्या वॉर्डात एक पोरगा आहे, मांडीत गाठ आहे त्याच्या.
त्याला आम्ही नुसता निरोप टोचतो, माझ्याच चंबूतला.
घरात चोर नाही तरी त्याचं अंग रात्रभर कुडकुडतं,
दात वाजतात.
गाठ लहान होईल का, कोणी सांगत नाही.
आणि काही माणसांत म्हणे हाक थांबतच नाही,
वर्षानुवर्षं सगळी दारं उघडी, सगळे दिवे लागलेले,
आणि गस्तवाले घरातल्यांच्याच अंगावर.

आमच्या इमारतीत एलमेरी होते, तिसऱ्या मजल्यावर.
जानेवारीत त्यांच्या स्वयंपाकघरात धूर झाला,
तेव्हा त्यांनी रेडिएटरच्या नळीवर चमचा वाजवला.
नळी चार मजले जाते.
वरचे उठले, खालचे उठले, मुलांना पांघरुणात गुंडाळून
जिन्यावरून उतरले, सगळे वाचले.
मी पाळी संपवून झोपले होते.
मला ऐकू आलं नाही.
काही पेशींना कडीच नसते, हेही रुमालावर होतं.
मला कुणी तरी उचलून नेलं.
एलमेरींना नाही.

सकाळी चंबूतल्या पेशी संपलेल्या असतात.
मी आम्ल ओतते, विषाणू मरतो.
निरोप मरत नाही, इतक्या आंबट पाण्यातही.
गाळून घेते. बाटलीत घोटभर.
निरोप दिला, निरोप घेतला:
पेशीला त्यात फरक ठाऊक नसावा.

नऊ वाजता उजाडतं, कसंबसं.
घरी येते, बूट काढते,
भिंतीशी बसून नळीला कान लावते.
वरचा मजला रिकामा आहे.
आत पाणी वाहतंय, गरम.